त्याच्या वतीने कोण बोलणार?



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायचं, तर पटावर नाव आहे पण वर्गात दिसत नाहीत अशा मुलांबद्दलच बोलावं, असं मी ठरवून आले. त्यांतही मी एकच प्रश्न घेऊन आले आहे. दिव्यांग मूल पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात उभं राहतं, तेव्हा त्याच्या वतीने कोण बोलतं?

हा प्रश्न इथे, शनिशिंगणापुरात, का विचारायचा? तर या गावाचं न्यायाशी असलेलं नातं साऱ्या देशाला माहीत आहे. इथे घराला चौकट असते, कवाड नसतं. कुत्रं-मांजर आत येऊ नये म्हणून कुणी फळी आडवी टेकवतो, कुणी पडदा सोडतो, एवढंच. २०११ साली युको बँकेने इथे कुलपाशिवाय शाखा काढली, त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं ते २०१५ साली. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतात, ही इथली श्रद्धा. त्या श्रद्धेचा मान ठेवूनच मी पुढचं बोलणार आहे.

समजा, या गावात दहा वर्षांचा एक मुलगा आहे. समज कमी आहे, बोलणं तुटक आहे. दुपारी तो शेजारच्या घरात शिरतो, डब्यातला लाडू काढून खातो आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात घेऊन बाहेर येतो. पुढे काय होतं? शेजारीण त्याला दंडाला धरून आईकडे आणून सोडते, मोबाइल परत घेते, फार तर दोन शब्द सुनावते. कारण तो कोण, कुणाचा, त्याला चमकणाऱ्या वस्तूची ओढ कशी आहे, हे तिला जन्मापासून ठाऊक आहे.

आता तेच मूल आईबापाबरोबर पोटापाण्यासाठी पुण्याकडे जातं. बाप चाकणला कामाला, आई चार घरची धुणीभांडी करते. एका इमारतीत दार उघडं दिसतं. मूल आत शिरतं, मोबाइल उचलतं. मूल तेच, कृती तीच. पण आता वॉचमन धावतो, कॅमेऱ्यातलं चित्र काढलं जातं, पोलिसांना फोन जातो आणि त्या कृतीला ‘घरात शिरून चोरी’ असं नाव मिळतं. मध्ये काय हरवलं? त्याला ओळखणारं माणूस हरवलं.

लगेच कुणी म्हणेल, ताई, मग कायदा कडक आहे, तो बदलायला हवा. नाही. कायद्यात उणिवा आहेत, पण मुलांच्या बाबतीत आपला कायदा बराच समजूतदार आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय, हे कळण्याइतकी समज मुलाला होती का, ते पाहावं लागतं. समज नसेल तर तोही गुन्हा नाही. मग अडतं कुठे? अडतं इथे की त्या मुलाची समज किती, हे सांगायला त्या वेळी तिथे कुणी नसतं. कायदा असतो. कायदा मागणारं माणूस नसतं.

याचा दाखला द्यायला मला दूर जावं लागत नाही. सार्वजनिक देवस्थानात हिंदूंमधल्या कोणत्याही वर्गाला प्रवेश नाकारता येणार नाही, असं सांगणारा कायदा तेव्हाच्या मुंबई राज्याने १९५६ सालीच केला होता. तरी आपल्या इथल्या शनिदेवाच्या चौथऱ्यापुढे स्त्रिया साठ वर्षं थांबूनच राहिल्या. २०१६ साली विद्या बाळ आणि अॅडव्होकेट नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जाऊन तो कायदा पाळायला सांगा, असं मागितलं. रस्त्यावर तृप्ती देसाईंचं आंदोलन चालू होतं. आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, देवस्थानाने चौथरा खुला केला. साठ वर्षं जो कायदा कपाटात होता, तो काही आठवड्यांत अंमलात आला. या गावात बसलेल्या माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून इथे मला वेगळं पटवून सांगायची गरज नाही.

आता त्या मुलाकडे येते. पोलीस ठाण्यातले पहिले दोन-तीन तास हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून तिथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

स्वमग्न मुलांमध्ये एक गोष्ट वारंवार आढळते. विचारलेलं वाक्य ती तसंच्या तसं परत म्हणतात. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना हे सांगायला नको. आता हे मूल ठाण्यात बाकावर बसलंय. समोरचा विचारतो, ‘‘तू घेतला मोबाइल?’’ मूल म्हणतं, ‘‘तू घेतला मोबाइल.’’ ‘‘म्हणजे घेतला ना?’’ ‘‘म्हणजे घेतला ना.’’ आणि कागदावर काय उतरतं? तुम्ही वर्तमानपत्रात रोज वाचता ते वाक्य : विश्वासात घेऊन विचारपूस केली असता त्याने गुन्ह्याची कबुली दिली.

कुठला विश्वास? कसली कबुली?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचं आणखी एक आहे. त्याला आयुष्यभर एकच शिकवलेलं असतं : मोठ्या माणसाला ‘हो’ म्हण, म्हणजे ते रागावत नाहीत. ते ‘हो’ म्हणतं. उलटा प्रश्न विचारा, तरी ‘हो’च म्हणतं. दोन पर्याय दिले तर शेवटचा पर्याय उचलतं. कर्णबधिर मूल मान डोलावतं. त्या मान डोलावण्याचा अर्थ ‘तुम्ही माझ्याशी बोलताय हे मला दिसतंय’ एवढाच असू शकतो. काही मुलं भीती वाटली की हसतात, आणि ते हसू समोरच्याला निर्ढावलेपणा वाटतं. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याचे पाय अडखळतात आणि शब्द ओढले जातात, त्याला दारू प्यायलेला समजणारे लोक मी पाहिले आहेत. फिट येऊन गेल्यावर मुलाला काही वेळ आपण कुठे आहोत ते कळत नाही. त्या वेळी कुणी धरलं तर ते झटापट करतं. कागदावर तो पोलिसांच्या अंगावर धावून गेल्याचा प्रकार ठरू शकतो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, हे तुमच्यातले वकील मला सांगतील. बरोबर आहे. पण कबुली मिळाली की खऱ्या चोराचा शोध थांबतो. नुकसान तिथेच होऊन जातं.

मी पोलिसांना दोष देण्यासाठी इथे उभी नाही. ठाण्यातल्या हवालदाराला सांकेतिक भाषा कुणी शिकवली? स्वमग्नता म्हणजे काय, हे त्याला कुठल्या प्रशिक्षणात दाखवलं? पण त्याच्यावर काय बंधन आहे ते प्रत्येक आईबापाला माहीत हवं, म्हणून सांगते. २०१५ चा बाल न्याय कायदा आणि त्याखालचे नियम अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहेत. मुलाला कोठडीत टाकता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. त्याच्याशी बोलणारा अधिकारी साध्या वेषात असायला हवा. मुलाची कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही. आईवडिलांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवावं लागतं. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात मोठी माणसं सामील नसतील तर एफआयआरही नाही, फक्त डायरीत नोंद करायची. आणि मूल दिव्यांग असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं बारावं कलम सांगतं की त्याला ज्या भाषेत, ज्या साधनाने बोलता येतं, त्या भाषेत आणि त्या साधनाने त्याचं म्हणणं नोंदवण्याची सोय सरकारने करावी.

ऐकायला चांगलं वाटतं ना? आता खेड्यातल्या कर्णबधिर मुलाचा विचार करा. तो कधी मूकबधिर विद्यालयात गेलाच नाही. त्याच्या खुणा त्याच्या घरापुरत्या आहेत. गाल चोळला की आजी, मनगटाला हात लावला की बाप. जिल्ह्यातून रीतसर शिकलेला दुभाषी आणला तरी त्याला या खुणा कळणार नाहीत. त्या फक्त आईला कळतात, बहिणीला कळतात. म्हणजे दोघं लागतात : घरच्या खुणा ओळखणारं एक माणूस आणि त्यावरून कोर्टाला नीट समजावणारा प्रशिक्षित दुभाषी. २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या कर्णबधिर वकील बाईंनी दुभाष्याच्या मदतीने थेट सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीत भाग घेतला, तेव्हा केवढं कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं. पण दिल्लीतल्या त्या सुनावणीत जे झालं, ते तालुक्याच्या ठाण्यात रात्री अकरा वाजता कोण करणार?

याच ठिकाणी मला एका बाईचं काम तुमच्यापुढे ठेवायचं आहे. तिचं नाव आजच्या तरुणांनी फारसं ऐकलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शीला बारसे. मुंबईच्या पत्रकार. १९८२ साली तुरुंग अधिकाऱ्यांची परवानगी काढून त्यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राची याचिका झाली, आणि १९८३ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने स्त्रियांच्या कोठडीबद्दल आणि कैद्यांना मिळायच्या कायदेशीर मदतीबद्दल आदेश दिले. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. देशभरातल्या तुरुंगांमध्ये सोळा वर्षांखालची मुलं आहेत, आणि त्यात शरीराने, मनाने अपंग अशी मुलंही आहेत, हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं.

ही अपंग मुलं तुरुंगात का होती, ठाऊक आहे? त्यातल्या कितीतरी मुलांवर कुठला आरोपच नव्हता. कागदावर कारण लिहिलं होतं ‘सुरक्षित ताबा’. म्हणजे मूल सापडलं, बोलत नाही, पत्ता सांगत नाही, घरचं कुणी आलं नाही, मग ठेवायचं कुठे? ठेवा तुरुंगात, सुरक्षित राहील. गुन्हेगारांच्या शेजारी, सुरक्षित!

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या न्यायाधीशांकडून तुरुंगांची पाहणी करून माहिती मागवली. मुलांना तुरुंगात ठेवू नका असं बजावलं, आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत पुरा झाला नाही तर ते प्रकरण बंद समजावं, इथपर्यंत आदेश गेले. त्याच वर्षी संसदेने जम्मू-काश्मीर वगळता साऱ्या देशासाठी एकच बाल न्याय कायदा केला. तोवर एकेका राज्याचे वेगवेगळे कायदे होते. आपला पहिला मुंबई बालक कायदा १९२४ चा. बारसेंनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दलही न्यायालयाकडे दाद मागितली. ते गृह चालवणाऱ्या संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष राज्याचे मुख्यमंत्री होते. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही संस्था खासगी म्हणून हात झटकू शकत नाही. तिला सरकारचीच जबाबदारी लागू आहे.

आणि पुढे काय झालं? तुरुंगातल्या मुलांची याचिका तारखांवर तारखा घेत रेंगाळली. राज्यांकडून माहिती येईना. शीला बारसे वैतागल्या आणि १९८८ साली त्यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती नाकारली. ही याचिका तुमची राहिलेली नाही, ती त्या मुलांची आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. बारसेंचं नाव काढून तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीचं नाव घातलं गेलं.

मी हा निकाल अनेकदा वाचला आहे. वाचताना दोन्ही बाजू पटतात. एकट्या बाईने साऱ्या देशातल्या तुरुंगांचा भार किती दिवस वाहायचा? तिचा वैताग रास्तच होता. आणि न्यायालयाचंही बरोबर होतं : बोलणारं माणूस दमलं म्हणून मुलाचं म्हणणं दप्तरबंद करता येत नाही. यातून मी एक शिकले. मुलाच्या वतीने बोलणारं माणूस एकटं असून चालत नाही. एक थांबलं की दुसऱ्याने उभं राहायला हवं. ती व्यवस्था आधीच लावून ठेवावी लागते, आणि ती दिल्लीत लावून भागत नाही.

तुम्ही म्हणाल, ही पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आता मुलांना तुरुंगात कोण ठेवतं? ठीक आहे, आजचं बोलू. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मे २०२४ मध्ये काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. भरधाव महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. चालवणारा अल्पवयीन. त्याच दिवशी जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. सारा महाराष्ट्र संतापला. संताप समजण्यासारखा होता, दोन घरांतली तरणीताठी मुलं गेली होती. पण त्या दिवसांत लोक म्हणत होते की हा बाल न्याय कायदाच नको. तेव्हा मला आपल्या भागातली मुलं आठवत होती. मुलाला जामीन देणं हा नियम, नाकारणं हा अपवाद, असं या कायद्याचं बारावं कलम सांगतं. जामीनदार नसला तरी देता येतो. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली देता येतो. पुण्यातल्या मुलासाठी हे कलम मागायला माणसं होती. आपल्या ऊसतोड मजुराच्या मतिमंद मुलासाठी तेच कलम मागायला कोण आहे? कायदा एकाला मिळाला म्हणून तो मोडून टाकायचा, की दुसऱ्यालाही मिळवून द्यायचा?

त्यातही एक धोक्याची जागा आहे. मुलाला सोडलं तर त्याच्या शरीराला किंवा मनाला धोका होईल असं वाटलं, तर मंडळाला जामीन नाकारता येतो. हेतू चांगला आहे. पण दिव्यांग मूल आहे, घरी सांभाळायला कुणी नाही, बाहेर त्याचं काय होईल, असं म्हणून त्याला आतच ठेवलं, तर आपण पुन्हा त्या ‘सुरक्षित ताब्या’वर येऊन पोचतो. त्या वेळी उठून ‘मी सांभाळेन’ म्हणणारं कुणी असेल, चुलता असेल, शाळेतल्या बाई असतील, गावातली एखादी संस्था असेल, तर मंडळाचा निर्णय बदलतो.

आता कागदांबद्दल. या सभागृहात ज्यांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे त्यांनी हात वर करा. बघा किती हात आहेत! आपल्याकडे मूल शाळेत आणलं, की गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि तारीख १ जून टाकत. दिव्यांग मुलाला तर शाळेत आणतातच उशिरा, म्हणजे अंदाज आणखी चुकतो. बाल न्याय कायद्यात वय ठरवताना पहिला मान शाळेच्या दाखल्याला आहे, त्यानंतर ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या जन्मदाखल्याला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीला. एका अंदाजाच्या तारखेवर मूल मंडळापुढे जाणार की मोठ्यांच्या कोर्टात, हे ठरतं.

हे किती महागात पडू शकतं? १९९४ साली पुण्यात एका कुटुंबातल्या सात जणांची हत्या झाली. त्या घरावर कोसळलेलं दुःख शब्दांत मावणारं नाही. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एकजण घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी मान्य केलं. कशावरून? राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून. तोवर त्याने अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला होता. त्याचं नाव मी घेत नाही, कारण मुलाची ओळख उघड करू नये असं कायदाच सांगतो. तो दिव्यांग नव्हता, पण ऐका : एका शाळेतलं एक रजिस्टर जपून ठेवलेलं होतं, म्हणून तो सुटला. आणि ते रजिस्टर वेळेवर कुणी मागितलं नाही, म्हणून अठ्ठावीस वर्षं गेली.

याला जोडूनच एक गोष्ट सांगायला हवी, कारण पालकांचा तिथे मोठा गैरसमज असतो. मुलगा वीस वर्षांचा आहे, पण बुद्धी सहा वर्षांची आहे, म्हणजे कायद्याने तो मूलच, असं आईला वाटतं. जुलै २०१७ मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वय म्हणजे जन्मतारखेचं वय, मनाचं वय नव्हे. मला तो निकाल कायद्याच्या शब्दांना धरून वाटतो, पण आईच्या अनुभवाला तो पोचत नाही. बाल न्याय कायदाही वय जन्मतारखेवरूनच मोजतो. म्हणून मूल अठराचं होण्याआधीच त्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हातात हवं. अठरानंतर तोच एक आधार उरतो.

सोळा ते अठराच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला मोठ्यांसारखं वागवायचं का, याची आधी तपासणी होते. त्याची मानसिक, शारीरिक क्षमता काय, परिणाम कळत होते का, हे पाहतात. मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण तज्ज्ञ मुलाला तासभर पाहणार. शाळेतल्या बाईंनी त्याला आठ वर्षं पाहिलेलं असतं. त्या आठ वर्षांचं लेखी टिपण तज्ज्ञाच्या हातात कोण देणार?

दिव्यांग मूल कोर्टात आरोपी म्हणून जातं त्याहून जास्त वेळा फिर्यादी म्हणून जायला हवं. जात नाही, ही खरी शोकांतिका आहे. महाराष्ट्रातलंच एक प्रकरण : ऐकू-बोलू न शकणाऱ्या आणि मतिमंद मुलीवर अत्याचार झाला. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली. तिची साक्षच झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि अशा साक्षीदारांसाठी भीती न वाटणारी वेगळी साक्षकेंद्रं उभारा, असं सांगितलं. आज मुलाची साक्ष विशेष शिक्षकाच्या किंवा त्याची बोलण्याची रीत जाणणाऱ्या माणसाच्या मदतीने नोंदवता येते, तिचं चित्रीकरण करता येतं. आणि दिव्यांग मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला, त्याला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्यात दुप्पट शिक्षा आहे. मुलाला हाताशी धरून गुन्हा करवून घेणाऱ्यालाही तोच नियम. शनी अमावस्येच्या गर्दीत, वाहनतळावर, तेल आणि रुईच्या माळा विकणाऱ्यांमध्ये, गाड्यांमागे पळणाऱ्या लटकूंमध्ये, म्हणजे दलालांमध्ये, एखादं असं मूल दिसलं, तर त्याच्यामागे उभा असलेला मोठा माणूस कोण, हे आधी बघा.

आता एक अवघड गोष्ट बोलते. या गावात बोलते, म्हणून जास्त जपून बोलते. इथे दूरदूरहून आईबाप आपल्या दिव्यांग लेकराला घेऊन येतात. तेल वाहतात. लेकराला साडेसाती आहे, आपल्याच हातून काही पाप घडलं असेल, असं त्यांच्या मनात असतं. त्यांच्या दुःखापुढे मी हात जोडते. पण हे मूल म्हणजे कुठल्या तरी पापाची शिक्षा, असं ज्या समाजाने आधीच धरलं आहे, तो समाज त्या मुलावर चोरीचा आळ आला की लगेच विश्वास ठेवतो. ‘असलीच असतात ही’ असं म्हणतो. मूल ठाण्यात पोचण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो. शनिदेवाला आपण न्यायाची देवता मानतो. देवाला पुरावा लागत नाही, असं तुम्ही म्हणाल, मी वाद घालणार नाही. माणसाला लागतो. आणि पुरावा देऊ न शकणाऱ्या मुलाला शिक्षा केली, तर तो शनिदेवाचा न्याय म्हणून आपल्याला खपवता येणार नाही.

मग करायचं काय? मी इथून नुसतं भाषण करून जाणार नाही.

गावात अशी मुलं किती, कोण, हे अंगणवाडी सेविकांना आणि शिक्षकांना आत्ताच ठाऊक आहे. त्या प्रत्येक मुलासाठी एक पानभर टिपण तयार करा. तो कसा बोलतो, ‘हो’ कसं दाखवतो, ‘नाही’ कसं दाखवतो, घाबरला की काय करतो, फिट येते का, कुठली औषधं चालू आहेत, त्याच्या खुणा कुणाला कळतात. खाली आईचा आणि शाळेचा फोन नंबर. हे पान जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्राबरोबर एका पिशवीत आईकडे, आणि एक प्रत शाळेत. सरपंचांना माझी विनंती आहे की ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांना ग्रामसभेला बोलवा आणि या मुलांची त्यांच्याशी ओळख करून द्या. ठाण्याच्या भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरांत हवेत : मुलांसाठी १०९८ आणि मोफत वकिलासाठी १५१००. आणि प्रत्येक मुलामागे दोन माणसांची नावं लिहून ठेवा, एक घरचं, एक बाहेरचं, जी रात्री-बेरात्री फोन आला तरी ठाण्यात जाऊन बसतील. एक नसेल तर दुसरं.

वकिलांना सांगते, अशा मुलाचं प्रकरण आलं तर फी नंतर बोला, आधी मंडळापुढे उभे राहा. शिक्षकांना सांगते, तुमचं टिपण कोर्टात वाचलं जाईल अशा काळजीने लिहा.

ज्यांना या दोन नावांपैकी एक व्हायचं आहे, त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाजवळ थांबावं. यादीची वही मी बरोबर आणली आहे. आजच सुरू करू.